डॉक्टरकाका, उंदीर पाळला तर चालतो का?



आजचा लेख नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. माहिती आहेच, पण तिच्या आधी माझी एक चूक सांगायची आहे. ती कळली, तर पुढची माहिती तुम्ही जास्त लक्ष देऊन वाचाल.

काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला एक नऊ वर्षांचा मुलगा सर्दी-खोकल्यासाठी आईबरोबर दवाखान्यात आला होता. तपासून झालं, औषध लिहून झालं. उठता उठता त्याने हळूच विचारलं, "डॉक्टरकाका, पांढरा उंदीर पाळला तर चालतो का?"

बाहेर पंधरा पेशंट बसले होते. मी हसून म्हणालो, "उंदीर? घरात प्लेग आणायचाय का?" आईने सुटकेचा निःश्वास टाकला. "बघ, मी सांगत होते तेच काकांनी सांगितलं." मुलगा काही बोलला नाही. विषय संपला, असं मला वाटलं.

ऑगस्टमध्ये तोच मुलगा तापाने फणफणलेला आला. थंडी वाजून ताप, उलट्या, डोकेदुखी. पावसाळ्यात अशा तापाची रांगच लागलेली असते. डेंग्यू आणि मलेरियाच्या तपासण्या केल्या, त्या निगेटिव्ह आल्या. तिसऱ्या दिवशी गुडघे आणि मनगटं दुखायला लागली, तेव्हा चिकनगुनियाची शंका घेतली. पाचव्या दिवशी आई त्याला अक्षरशः उचलून घेऊन आली. तळहात आणि तळपायांवर बारीक लाल पुरळ उठलं होतं. पुरळ बघायला हात उलटासुलटा केला, तेव्हा उजव्या तर्जनीवर शेजारी शेजारी दोन बारीक खपल्या दिसल्या.

"हे काय लागलंय रे?"

त्याने आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी आईला म्हटलं, "ताई, जरा बाहेरून जुने रिपोर्ट घेऊन या." ती बाहेर गेल्यावर तो रडायलाच लागला. वाढदिवसाच्या पैशातून मित्राच्या मोठ्या भावाकरवी त्याने दोन पांढरे उंदीर आणले होते. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बुटाच्या खोक्यात ठेवले होते. चिकू आणि पिकू. खोक्यात हात घालताना पिकू बोटाला चावला. कुणाला सांगितलं नाही, कारण घरात उंदरांना बंदी होती आणि ती बंदी डॉक्टरकाकांनी घातली होती. मग त्याने मला विचारलं, "काका, मला प्लेग झालाय का?"

वाचकहो, पाच दिवस ते पोर तापात पडून आपण प्लेगने मरणार असं समजत होतं. माझ्या एका विनोदामुळे. आणि पाच दिवस मी डेंग्यू शोधत होतो, कारण "घरात किंवा आसपास कुठला प्राणी आहे का?" हा साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

त्याला दाखल केलं, रक्त कल्चरला पाठवलं आणि मूषकदंश ज्वर धरून पेनिसिलिन सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला. कल्चरमध्ये काही उगवलं नाही. हा जंतू प्रयोगशाळेत सहजासहजी वाढत नाही, त्यामुळे बऱ्याचदा निदान लक्षणांवरून आणि 'उंदीर चावला होता' या एका वाक्यावरूनच करावं लागतं. ते वाक्य मिळालं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करतो.

त्याच्या प्रश्नाला जूनमध्येच द्यायला हवं होतं ते उत्तर आज देतो.

उंदीर म्हणजे नक्की कोण?

मराठीत आपण सगळ्यांनाच उंदीर म्हणून मोकळे होतो. स्वयंपाकघरातला, गटारातला, दुकानातल्या पिंजऱ्यातला, सगळे उंदीरच. प्रत्यक्षात हे वेगवेगळे प्राणी आहेत. कौलांवरून आणि माळ्यावरून पळणारा काळा उंदीर वेगळा. जमीन पोखरणारी घूस वेगळी. चिचुंद्री तर उंदरांच्या गटातलीसुद्धा नाही. दुकानात 'पांढरे उंदीर' म्हणून मिळतात, त्यांतही दोन जाती असतात. अंगठ्याएवढा, वीस-चाळीस ग्रॅमचा तो माऊस. आणि हातभर शेपटीसकट ओंजळ भरून टाकणारा, पूर्ण वाढल्यावर पाव ते अर्धा किलोचा तो रॅट.

हा पाळीव रॅट म्हणजे तपकिरी उंदराचीच माणसाळलेली पैदास. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळी जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीर पकडणारा होता. तो वेगळ्या रंगाचे उंदीर मारण्याऐवजी वाढवून विकायचा. पुढे प्रयोगशाळांसाठी पैदास सुरू झाली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला पांढरा विस्टार उंदीर आजही जगभरच्या संशोधनात वापरला जातो. म्हणजे पाळीव उंदीर आणि गटारातला उंदीर यांच्यात शंभराहून जास्त वर्षांच्या निवडीचं अंतर आहे. लांडगा आणि कुत्रा यांच्यासारखंच काहीसं.

पण हे अंतर स्वभावातलं आहे. जंतूंना ते कळत नाही.

प्लेगचं काय?

माझा विनोद चुकीचा होता, तरी त्यामागची भीती आपल्या रक्तात आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढे पुण्यात पसरला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. १९९४ मध्ये सुरतेतून प्लेगच्या भीतीने लोक गाव सोडून पळाले, ते अनेकांना आठवत असेल.

प्लेगचा जंतू उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून माणसात येतो. रानटी उंदीर मरायला लागले, की त्यांच्यावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात. बंदिस्त पैदाशीतल्या, पिसवा नसलेल्या पाळीव उंदराकडून घरात प्लेग येण्याची शक्यता नगण्य आहे. त्यामुळे "प्लेग येईल" हे कारण बाद. बाकीची कारणं मात्र खरी आहेत.

मग खरे धोके कोणते?

१) मूषकदंश ज्वर. याला कारण असलेले जंतू उंदराच्या तोंडात आणि घशात गुण्यागोविंदाने राहतात. उंदीर ठणठणीत दिसतो, आजारी माणूस पडतो. चावा घेतला तरी होतो आणि ओरखडा पुरेसा ठरू शकतो. एका प्रकारात साधारण तीन ते दहा दिवसांत ताप, सांधेदुखी आणि हातापायांवर पुरळ येतं. आशियात जास्त आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात जखम आधी भरून येते, मग एक ते तीन आठवड्यांनी पुन्हा सुजते, काखेत किंवा जांघेत अवधाण येतं आणि ताप येऊन-जाऊन राहतो. जपानीत त्याला 'सोडोकू' म्हणतात, म्हणजे उंदराचं विष. आपल्याकडेही हे नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात उंदरांच्या विषावर 'मूषिककल्प' हा स्वतंत्र अध्याय आहे. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो. उपचार झाले नाहीत, तर दहातला एक रोगी दगावू शकतो. २०१३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगो परिसरात पाळीव उंदीर असलेल्या घरातला एक दहा वर्षांचा मुलगा याच आजाराने गेला. दुर्मीळ आहे, पण खोटं नाही.

२) लेप्टो. हा उंदरांच्या लघवीतून येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे किती रोगी आले, हे त्या वेळी वॉर्डात काम केलेला कुठलाही डॉक्टर सांगेल. घरात वाढलेल्या पाळीव उंदराकडून याची शक्यता कमी. पण आपल्या घरांत एक वेगळी अडचण आहे. पिंजऱ्यात सांडलेल्या धान्याच्या वासाने बाहेरचे उंदीर येतात आणि पिंजऱ्याभोवती मुतून जातात. पाळीव उंदीर स्वच्छ असून उपयोग नाही, तुमची गॅलरीही उंदीरमुक्त हवी.

३) साल्मोनेला. उंदराच्या विष्ठेतून हाताला, हातातून तोंडात. परिणाम म्हणजे जुलाब आणि ताप. पाच वर्षांखालच्या मुलांना, वयस्कर माणसांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो जास्त त्रास देतो.

४) सोल विषाणू. हा हंटाव्हायरसच्या कुळातला. तो तापाबरोबर मूत्रपिंडावर परिणाम करू शकतो. २०१७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात पाळीव उंदरांच्या पैदास करणाऱ्यांकडूनच याची साथ आली होती. थोडक्यात, 'दुकानातला आहे, म्हणजे सुरक्षित आहे' असं नसतं.

५) दमा आणि ॲलर्जी. रोजच्या व्यवहारात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. उंदराच्या लघवीतली प्रथिनं वाळून धुळीबरोबर हवेत मिसळतात. प्रयोगशाळेत उंदरांबरोबर काम करणाऱ्यांना यातून दमा होतो, हे नीट माहीत असलेलं आहे. लहानशा बंद फ्लॅटमध्ये, मुलाच्या उशाशी पिंजरा ठेवला तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि रेबीज? हा प्रश्न हमखास येतो. उंदराच्या चाव्यानंतर सहसा रेबीजच्या लशीची गरज पडत नाही. तरीही प्रत्येक चावा डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची लस झाली आहे का, हे बघावंच लागतं.

दुसरी बाजू

एवढं वाचून तुम्ही 'नकोच ते' म्हणाल. म्हणू शकता. पण मुलांना उंदीर का आवडतो, हेही समजून घ्या.

पाळीव रॅट हुशार असतो. नावाने हाक मारली की येतो, छोटे खेळ शिकतो, खांद्यावर बसतो. नीट हाताळलेला रॅट हॅमस्टरपेक्षा कमी चावतो. याक पांक्सेप नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं, की उंदरांना गुदगुल्या केल्या तर ते आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत आवाज काढतात आणि पुन्हा गुदगुल्या करून घ्यायला हाताच्या मागे धावतात. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठात केलेल्या प्रयोगात, एका नळीत अडकलेल्या सोबत्याला दुसऱ्या उंदराने दार उघडून सोडवलं. शेजारी चॉकलेट ठेवलं होतं, तरी अनेकांनी सोबत्याला सोडवलं आणि चॉकलेट वाटून खाल्लं.

ज्या मुलाला चारचौघांत बोलायला जमत नाही, त्याला असा एखादा जीव मोठा आधार देतो. आमचा पेशंट तसाच होता. वर्गात कुणाशी फारसं बोलत नसे. पिकूशी मात्र तासभर बोलायचा, हे आईला नंतर कळलं.

कोणत्या घरात उंदीर नकोच?

- घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर.
- कुणालाही दमा किंवा जुनी ॲलर्जी असेल तर.
- घरात कुणी गरोदर असेल, किंवा कॅन्सरचे उपचार, स्टिरॉइड, डायलिसिस असं काही चालू असेल तर.
- घरात उंदीर मारायचं औषध ठेवायची सवय असेल तर. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून ते औषध त्याच्यावर चालतं. पाळीव उंदीर त्याने मरेलच. आणि पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने मुलांचं यकृत कायमचं निकामी झालेलं मी पाहिलं आहे. उंदीर पाळा किंवा पाळू नका, ती ट्यूब मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.
- आई-वडिलांपैकी एकालाही उंदराला हात लावायची तयारी नसेल तर. हे सगळ्यात महत्त्वाचं. मूल उत्साहाने आणतं, पंधरा दिवसांनी परीक्षा येते. प्राणी मुलाचा असला, तरी जबाबदारी मोठ्यांचीच असते.

पाळायचेच ठरले, तर

मूल निदान आठ-नऊ वर्षांचं असू द्या. एकटा उंदीर कुढतो, म्हणून दोन घ्या, पण एकाच लिंगाचे. नर-मादी घेतलेत, तर मादी पाच-सहा आठवड्यांतच वयात येते आणि गर्भ राहिल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेतात आठ-दहा. दुकानदाराने "दोन्ही नरच आहेत" म्हटलं, तरी खात्री करून घ्या.

पिंजरा मोठा, हवेशीर, जमिनीपासून उंच ठेवा. झोपायच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात नको. खाली कागदाचे तुकडे घाला, वासाचा लाकडी भुसा नको. ओला भाग रोज काढा, आठवड्यातून एकदा पूर्ण पिंजरा धुवा. हे काम मोठ्यांनी, हातमोजे घालून, आणि भांडी घासायच्या सिंकमध्ये नाही. सुकी घाण झाडू नका, आधी ओली करून पुसा, म्हणजे धूळ उडत नाही. रात्री उरलेलं खाणं काढून ठेवा.

उंदराला घाम येत नाही. तो शेपटीतून अंग थंड करतो. आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला झेपत नाही, उन्हाच्या गॅलरीत ठेवलात तर दुपारीच दगावेल.

मुलासाठी नियम तीनच. हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. तोंडाजवळ नेऊन पापी घ्यायची नाही. आणि पिंजऱ्यात अचानक हात घालायचा नाही, विशेषतः हाताला खाण्याचा वास असताना. पिकू चावला तेव्हा मुलाने नुकतेच पोहे खाल्ले होते. उंदराला बोट आणि खाऊ यांतला फरक कळला नाही, एवढंच.

शेवटचं म्हणजे, उंदीर जेमतेम दोन-तीन वर्षं जगतो. माद्यांना स्तनाच्या गाठी होतात, श्वासाचे आजार सर्रास होतात, आणि उंदराला तपासणारा पशुवैद्य मोठ्या शहराबाहेर मिळणं अवघड. मुलाच्या आयुष्यातला पहिला मृत्यू कदाचित हाच असेल. त्याची तयारी आधी तुमच्या मनात करा.

चावला तर?

लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम भरपूर धुवा. चुना, हळद, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, प्रतिजैविक द्यायचं का ते ते ठरवतील. पुढचे तीन आठवडे ताप, पुरळ, सांधेदुखी, अवधाण यांवर लक्ष ठेवा. यातलं काहीही झालं, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "घरात उंदीर आहे." डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी सांगा. आम्ही विचारायला विसरतो. मी विसरलो होतो.

पुढे काय झालं?

घरी सोडायच्या दिवशी वडील म्हणाले, "डॉक्टर, ते उंदीर आजच नाल्यात सोडून येतो." मुलगा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "नाल्यात सोडू नका, दोन दिवसांत मरतील. ठेवायचे की कुणाला द्यायचे, हे घरी बसून तिघांनी ठरवा. ठेवायचे असतील, तर काळजी तुम्हाला स्वतःला घ्यावी लागेल. आणि ते जंतू त्यांच्यात अजून असू शकतात, हे धरूनच चाला." वरची सगळी यादी मी त्यांना तिथेच कागदावर लिहून दिली. या वेळीही बाहेर पेशंट थांबले होते. थांबू दिलं.

वडिलांनी ठेवायचं ठरवलं. उंदराला बघून खुर्चीवर चढणारा माणूस तो. पहिला महिना जाड हातमोजे घालून पिंजरा साफ करायचा, मुलगा लांबून सूचना द्यायचा. पिकू पावणेदोन वर्षांनी गेला आणि चिकू त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत. दोघांनाही सोसायटीच्या आवारात पुरलं. मुलगा पुन्हा आजारी पडला नाही.

तेव्हा, मुलासाठी उंदीर चांगला पाळीव प्राणी आहे का? काही मुलांसाठी, काही घरांत, मोठ्यांच्या देखरेखीखाली, हो. बहुतेक घरांत नाही, आणि 'नाही' म्हणायला मला आजही संकोच वाटत नाही. फक्त ते 'नाही' कारणांसकट सांगा. घाबरवून किंवा हसून उडवून लावलेलं मूल ऐकत नाही, ते लपवतं. आणि लपवलेला उंदीर पिंजऱ्यातल्या उंदरापेक्षा कितीतरी जास्त धोकादायक असतो.

तुमच्या मुलाने असा काही प्रश्न विचारला, तर दोन मिनिटं बसा त्याच्याजवळ. आणि पावसाळ्यात अंगावर ताप काढू नका.

काळजी घ्या.